पोळ्याचा दुसरा दिवस

या मासिकाचे बहुसंख्य वाचक समुद्राच्या अंगाचे. त्यांस सावरगाव कोठे आहे हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा नावाचे स्थानक लागते. तेथे जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आहे आणि दुसऱ्या काठाला सावरगाव. मुलूख मध्य प्रदेशाचा, बोली मराठी, बागा संत्र्यांच्या. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर हा मराठी टापू छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली या टापूचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमच्याकडच्या सरकारी नोकराचा जन्मभराचा कागद हिंदीत आणि घरातले भांडण मराठीत, अशी वाटणी या इतिहासाने करून ठेवली आहे. तिचे प्रयोजन पुढे येईल.

सावरगावाचे नाव बाहेर गेले ते मात्र गोटमारीमुळे. श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतात. पोळ्याला त्याला न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, झूल पांघरून तोरणाखाली उभे करतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात. त्या दिवशी त्याच्या मानेवर कोणी जू ठेवीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी जामेच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि पांढुर्ण्याचे व सावरगावचे लोक दोन काठांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि नदी ओलांडताना दोन्ही गावांनी त्यांना दगडांनी गाठले, अशी दंतकथा आहे. जखमींची गणती दरवर्षी शेकड्यांत जाते आणि आजवर काही जीवही गेले आहेत. त्याच दिवशी तिकडे नागपुरात लहान मुले चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढीत तान्हा पोळा साजरा करतात.

सेवानिवृत्त मनुष्याचे आपण नेमके हेच करीत आलो आहो, असे माझे म्हणणे आहे. निरोप-समारंभ हा त्याचा पोळा. त्या दिवशी शाल, श्रीफळ, हार, गुणवर्णनाची चार भाषणे आणि उरलेले आयुष्य सुखात जावो ही शुभेच्छा. दुसऱ्या दिवसापासून घरात गोटमार सुरू होते. फरक इतकाच की सावरगावची गोटमार वर्षातून एक दिवस चालते आणि घरातली तीनशे पासष्ट दिवस. आणि कालांतराने, दोन्ही काठ दमले म्हणजे, त्याच मनुष्याला आपण लाकडी बैल करून चाकांवर बसवतो. लग्नकार्यात, सत्कारात, देवळाच्या उत्सवात त्याला दोरीने ओढून पुढे आणावे, टिळा लावावा आणि मग पुन्हा फळीवर ठेवून द्यावे.

यात दोष कोणाचा? या विषयावर जे छापून येते त्यात तो मुलांचा, सुनांचा, बदललेल्या काळाचा आणि दूरदर्शनाचा असतो. मी वकील आहे. एकाच पक्षाची कैफियत वाचून निकाल देण्याची मला सवय नाही. माझे म्हणणे, या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांस ते रुचणार नाही हे जाणून, स्पष्टपणे मांडतो. सेवानिवृत्तीनंतर पुरुषाने अधिकार सोडावयाचा असतो आणि काम धरावयाचे असते. आपण काम सोडतो आणि अधिकार धरून बसतो. घरातले सारे दगड या एका उलट्या व्यवहारातून निघतात.

चित्र डोळ्यांपुढे आणा. चाळीस वर्षे सकाळी साडेदहाला घराबाहेर पडणारा मनुष्य आता साडेदहाला ओसरीवर बसला आहे. हाताखालचा शिपाई नाही, फायली नाहीत, अभ्यागत नाहीत. परंतु पाहणी करण्याची, जाब विचारण्याची आणि शेरा मारण्याची सवय जशीच्या तशी आहे. मग दुधाच्या हिशेबाची तपासणी होते. सिलिंडर किती दिवस चालले याची चौकशी होते. सून बाहेर जाताना ‘केव्हा येणार’ आणि परतल्यावर ‘उशीर का झाला’ असे खुलासे मागितले जातात. आमच्या बाजूला तर रागाच्या भरात हे कामकाज कचेरीच्या हिंदीत चालते. घरातली माणसे मराठीत उत्तर देतात आणि भांडणाला दुभाषा लागतो की काय अशी पाळी येते. स्वयंपाकघरातले डबे एके दिवशी ‘पद्धतशीर’ लावले जातात आणि त्या दिवशी घरातल्या बाईला हिंग सापडत नाही. पूर्वी दोनदा होणारा चहा आता पाचदा होतो. गृहस्थाची सेवा संपली, गृहिणीची वाढली.

साडेदहा ते साडेपाच हे सात तास घर त्या बाईचे होते. त्या वेळात ती निजत होती असे नव्हे. निवडणे, टिपणे, भरणे, वाळवणे चालूच होते. परंतु ती ते स्वतःच्या मनाप्रमाणे करीत होती, तिच्या डोक्यावर कोणी साहेब नव्हता. यजमान सेवेतून मोकळे झाले त्या दिवशी तिच्या कचेरीत एक साहेब कायमचा बदलून आला. त्या साहेबाला काम येत नाही, आणि त्याच्या निवृत्तीची तारीख कोणत्याही आदेशात लिहिलेली नाही.

‘निवृत्ती’ हा शब्दच आपली प्रथम दिशाभूल करतो. शासन ज्या दिवशी एखाद्यास मोकळे करते त्या दिवशी त्याच्या अंतःकरणात काही घडते असे नाही. तारीख शासन ठरवते आणि ती तिजोरीच्या व नोकरभरतीच्या सोयीने ठरते. केंद्र सरकारच्या नोकरास पूर्वी ५५ व्या वर्षी निवृत्त करीत. १९६२ साली ती मर्यादा ५८ झाली, १९९८ साली ६०. मध्य प्रदेशाने २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांचे वय ६० वरून ६२ केले. महाराष्ट्रात मात्र बहुतेक राज्य कर्मचाऱ्यांस ५८ हीच मर्यादा लागू राहिली. म्हणजे एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेल्या दोन मित्रांपैकी जो सीमा ओलांडून नागपुरात नोकरीस लागला तो ५८ व्या वर्षी म्हातारा झाला, आणि जो पांढुर्ण्यास राहिला तो ६२ व्या वर्षापर्यंत तरुण! यात गुडघ्यांचा, डोळ्यांचा किंवा बुद्धीचा काय संबंध? जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८९ साली, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वय ७० धरले होते; १९१६ साली ते ६५ वर आणले. अशी ही सोयीची रेघ आहे. तिच्यापलीकडे पाऊल पडले म्हणून आपण विरक्त झालो असे मानणे म्हणजे टपालाचा शिक्का बसला म्हणून पत्रातला मजकूर बदलला असे मानणे होय.

आणि ही रेघ ओलांडल्यावर थोडे आयुष्य उरते असेही आता नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. साठी गाठलेल्या मनुष्यापुढे अजून १७-१८ वर्षे असतात. इतक्या काळात एक मूल जन्मून मतदार होते. एवढा काळ ओसरीवर बसून शेरे मारण्यासाठी दिला आहे काय?

येथे धर्मशास्त्राचा आधार पुढे येतो. ‘हा आमचा वानप्रस्थ आहे,’ असे निवृत्त मंडळी म्हणतात. वानप्रस्थाचे प्रकरण एकदा तरी मुळातून वाचावे अशी त्यांस माझी विनंती आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात ते आहे. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाचे मूल पाहिल्यावर गृहस्थाने घर सोडावे असे तेथे सांगितले आहे. परंतु घर सोडल्यावर तो काय करतो? स्वतः आणलेल्या कंदमुळांवर आणि वन्य धान्यावर तो पंचमहायज्ञ चालवतो, दाराशी आलेल्या अतिथीचा सत्कार करतो, अध्ययन सोडीत नाही. म्हणजे त्याचे घरावरचे स्वामित्व सुटले आहे आणि अंगमेहनत वाढली आहे. आपल्या वानप्रस्थात पंख्याखालची खुर्ची आहे, वेळेवर गरम पोळी आहे, आणि शिवाय तिजोरीची किल्ली कमरेलाच आहे. हा वानप्रस्थ कोणत्या स्मृतीतला? त्याच अध्यायात पत्नीस मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, असाही विकल्प आहे. त्या काळी तिला कोणी विचारले नाही हे खरे. पण निदान तिने वनात येऊन पाच वेळा चहा करावा असे तरी मनूने लिहिलेले नाही.

गीतेचे नाव घेणाऱ्यांसाठी अठरावा अध्याय आहेच. नियत कर्म टाकून देणे हा त्याग नव्हे, फळावरची आसक्ती सोडणे हा त्याग, असा तेथला निर्णय. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात, वयाची पन्नाशी उलटलेली असताना, ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचा सारा रोख कर्मसंन्यासाविरुद्ध आणि कर्मयोगाच्या बाजूने आहे. त्या ग्रंथाची प्रत आपल्यापैकी किती तरी घरांत आहे. तिच्यावरची धूळ मात्र घरातली बाईच पुसते.

आता विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो. ‘आम्ही चाळीस वर्षे राबलो. विश्रांती हा आमचा हक्क आहे.’ हक्क आहे हे मला मान्य. १९८२ च्या १७ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निर्णय दिला की निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा किंवा बक्षीस नव्हे, ते केलेल्या सेवेचे मोल आहे. निवृत्तिवेतनधारक तो दिवस अजून साजरा करतात आणि त्यांनी तो करावाच. माझा प्रश्न पुढचा आहे. त्या सेवेत कोणाकोणाचे श्रम होते? सकाळी सात वाजता डबा कोणी भरला? बदलीच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत संसार पुन्हा पुन्हा कोणी मांडला? मुलांचे आजार, पाहुण्यांचे येणेजाणे, सासूसासऱ्यांची आजारपणे कोणी निभावली, की ज्यामुळे साहेबांच्या हजेरीपटावर लाल शेरा पडला नाही? निवृत्तिवेतन जर सेवेचे मोल आहे, तर त्या सेवेतली निम्मी सेवा जिने केली तिच्या विश्रांतीचा हक्क कोणत्या न्यायालयात मागावयाचा? २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेच अपघात-भरपाईच्या एका निकालात गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मोल आहे असे स्पष्ट बजावले. परंतु ते मोल आकारण्यासाठी ती मोटारीखाली सापडावी लागते, हे त्या कायद्याचे दुर्दैव आहे.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. आणि शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी हे काम करीत होत्या, तर शंभर पुरुषांपैकी ते करणारे अवघे २६ होते. उरलेले ७४ पुरुष काय करीत होते? त्यांपैकी जे नोकरीवर होते त्यांचे उत्तर आपण एक वेळ ऐकून घेऊ. जे ओसरीवर होते त्यांचे उत्तर कोणते?

त्यातही ज्या स्त्रिया स्वतः शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून म्हणून निवृत्त होतात त्यांची कथा निराळी. त्यांस ओसरी मिळतच नाही. निरोपाची शाल घडी करून ठेवली की त्याच संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात पूर्णवेळ रुजू होतात. ‘आता घरीच आहेस’ हे वाक्य पुरुषाच्या बाबतीत विश्रांतीचे कारण होते आणि स्त्रीच्या बाबतीत कामाचे.

निरोप-समारंभातल्या वक्त्यांची एक आवडती खूण आहे. तिचाही समाचार घेतला पाहिजे. ते महर्षी कर्व्यांचे नाव घेतात. कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ साली, ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. रियासतकार सरदेसाई १९२५ साली बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहिले आणि पेशवे दप्तराचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. आमच्याच धंद्यातले पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा शेवटचा खंड पूर्ण केला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ही नावे ऐकून सभा टाळ्या वाजवते आणि सत्कारमूर्ती घरी जाऊन आडवा होतो. कारण विद्यापीठ काढणे आपल्याला जमणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. थोरांचे उदाहरण लहान कामाच्या आड अशा रीतीने येते. आपल्यापैकी हजारांत एखादा कर्वे व्हावयाचा. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना कुकर लावता येतो. त्याविषयी कोणी भाषण करीत नाही, म्हणून मी करीत आहे.

याबाबतीत शेतकरी आपल्यापेक्षा शहाणा आहे. सावरगावच्या बाजूस संत्र्याच्या बागा, कपाशीची आणि तुरीची शेते आहेत. तेथल्या म्हाताऱ्याला कोणी निवृत्तीचा आदेश देत नाही. तो एके दिवशी वखराचे कासरे मुलाच्या हाती देतो. दुसऱ्या वर्षी बाजाराचा व्यवहार देतो. मग कोणते बियाणे घ्यावयाचे हेही मुलगा ठरवतो आणि म्हातारा फार तर पुटपुटतो. परंतु गोठ्यातले शेण, बैलांचे कुटार-पाणी, बागेची राखण, फुटलेल्या बांधावर दोन दगड, ही कामे अंगातले बळ जाईपर्यंत त्याचीच असतात. ‘बैल बसून राह्यला का मंग उठत नाही, वकीलसाहेब,’ असे एक वृद्ध शेतकरी मला न्यायालयाच्या आवारात म्हणाला होता. मी त्याच्या दारिद्र्याची आरती ओवाळीत नाही. त्याला निवृत्तिवेतन नाही आणि त्याच्या राबण्यात पुष्कळशी लाचारी आहे. बोरगावच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कामगाराचीही हीच स्थिती. भविष्यनिधीच्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरले, आणि हजार रुपयांत कोणी ओसरीवर बसू शकत नाही. तो दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याची नोकरी शोधतो. परंतु म्हणूनच मी म्हणतो की ज्यांस महिन्याच्या पहिल्या तारखेला रक्कम मिळते त्यांचे उत्तरदायित्व अधिक आहे. त्यांस काम करण्याची सक्ती उरलेली नाही. केले तर ते खरोखर निष्काम होईल.

वाचकांपैकी काही जण आता देवळाकडे बोट दाखवतील. ‘आम्ही घरात लुडबुड करीत नाही. आमचा वेळ देवस्थानात जातो.’ मी देवळाचा शत्रू नव्हे. या मासिकात लिहिणारा तो असूही शकत नाही. परंतु देवस्थानात आपण जातो ते सेवेसाठी की खुर्चीसाठी, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनास विचारावे. कचेरीतला हुद्दा गेला की समितीतला हुद्दा हवासा वाटतो. मग अध्यक्ष कोण, चिटणीस कोण, पालखीपुढे कोण, नारळ प्रथम कोणास, यांवर मोठमोठी प्रकरणे उभी राहतात आणि त्यांतली काही माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतात. माझी फी मला मिळते, हे खरे. परंतु साठ-पासष्टीचे दोन गृहस्थ देवाच्या दारातील मानापमानासाठी एकमेकांस नोटिसा पाठवतात तेव्हा ती फी घेताना हात जड होतो. त्याच देवळात उत्सवाच्या दिवशी समया कोण घासते, पंगतीची भाजी कोण चिरते, उष्टी कोण काढते, हे पाहावे. गाडगेमहाराज आमच्या विदर्भाचे. गावात पाऊल टाकले की ते प्रथम खराटा हाती घेत, कीर्तन मागाहून. देवळात काम पुष्कळ आहे. खुर्च्या मात्र थोड्या आहेत आणि त्यांवरच गर्दी आहे.

सौंसरजवळ जामसावळीचा हनुमान प्रसिद्ध आहे. तेथे मारुतीची मूर्ती उभी नाही, पहुडलेली आहे. एका निवृत्त स्नेह्यांनी मला विनोदाने म्हटले, ‘पाहा, मारुतीरायालाही शेवटी विश्रांती लागते.’ मी म्हटले, ‘भाऊसाहेब, त्याच्या दाराशी रांग किती आहे ते पाहा. कोणी पोराचे दुखणे घेऊन आले आहे, कोणी डोक्यावर भूत बसल्याचे सांगत आहे. तो पहुडला असेल, पण रजेवर नाही.’ सेवेचे दैवत म्हणून ज्याला आपण पूजतो त्याच्या पुढे जाऊन विश्रांतीचा दाखला मागणे हे थोडे धारिष्ट्याचे आहे.

आता माझ्या धंद्याच्या अनुभवातली एक सूचना, कारण माझ्या म्हणण्याचा विपर्यास होण्याचा संभव आहे. अधिकार सोडा म्हणजे घर लिहून द्या, असे मी म्हणत नाही. घरात भाजी कोणती, पाहुणे कोण, नातवाची शाळा कोणती, हा अधिकार सोडावा. डोक्यावरचे छप्पर आणि बँकेतली पुंजी सोडू नये. पत्नीचे नाव त्यावर नसेल तर ते आधी घालावे. भावनेच्या भरात बक्षीसपत्र करून दिलेली आणि मग ओसरीवरूनही उठवलेली माणसे मी पाहिली आहेत. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. २०२५ च्या २ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका मातेच्या बाजूने या कलमाचा उदार अर्थ लावला आणि तिचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. परंतु अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी हे शहाणपण त्या निकालाने अनावश्यक झालेले नाही. किल्ली आणि मालकी या दोन वस्तू आहेत. किल्ली सुनेच्या हाती द्यावी. मालकी म्हातारा-म्हातारीच्या पश्चात जावी.

मला कोणी विचारील की चाळिशीतल्या वकिलाने निवृत्तांस उपदेश करण्याचा अधिकार कोठून आणला? वकिलाला निवृत्तीचे वय नाही. अंगात कोट घालण्याइतके बळ असेपर्यंत तो न्यायालयात उभा राहू शकतो. त्यामुळे हा प्रश्न मला परक्याचा वाटावयास हवा होता. तो तसा वाटत नाही याचे कारण सांगून टाकतो.

माझे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मी कायद्याचा विद्यार्थी होतो. ते सज्जन होते, व्यसन नव्हते, आवाज चढवीत नसत. ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचीत आणि आतून चहा येई. अकरा वर्षे तो येत राहिला. आईचे गुडघे गेले होते; ती भिंतीला हात लावून बाहेर येई आणि कप ठेवून तशीच आत जाई. आम्ही सारे ते पाहत होतो आणि कोणालाही त्यात वावगे दिसले नाही, मलाही नाही. आई गेली. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. वडील दिव्याखाली उभे होते. एका हातात चहाचा डबा, दुसऱ्या हातात मिठाचा. ‘साखर कोणती रे?’ त्यांनी मला विचारले. मलाही ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांचा संसार केलेला मनुष्य आणि त्याचा पदवीधर मुलगा, दोघांनी बोट लावून साखर ओळखली. त्या पहाटे वडिलांनी चहा केला तो वाईट झाला नव्हता. ते म्हणाले, ‘इतके सोपे होते.’ आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

ते ‘इतके सोपे होते’ माझ्या कानांतून जात नाही. म्हणून हा लेख. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, कोणता छंद लावावा, यात्रा कोठल्या कराव्या, याची चर्चा करणाऱ्यांस माझे एवढेच सांगणे आहे की वेळ घालवण्याचा प्रश्न ज्याला पडतो त्याने एकदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत पाहावे. तेथे वेळ पुरत नाही म्हणून एक माणूस धावत आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर आहे.

म्हणून निवृत्तीस एखादे वर्ष उरलेल्या वाचकांनी नोकरीत असतानाच घरातले एक काम शिकून घ्यावे आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच्या नावावर करून घ्यावे: सकाळचा चहा, भाजी आणणे व निवडणे, भांडी, नातवंडांचा डबा, यांपैकी कोणतेही. ते ‘मदत’ म्हणून करू नये. मदत करणारा मर्जी असेल तेव्हा करतो. त्या कामात चूक झाली तर बोलणी खाण्याचीही तयारी ठेवावी. चाळीस वर्षे वरिष्ठांची खाल्ली, त्याहून ती कडू नसतात. आणि आपल्या देवस्थानांनी निवृत्तांचा सत्कार करावयाचा तर पतिपत्नींचा मिळून करावा, आणि शालीबरोबर गृहस्थाकडून प्रसादाच्या स्वयंपाकघरातली एका आठवड्याची पाळी लिहून घ्यावी. तेथे शिकलेले घरी उपयोगी पडेल.

बैलाला पोळ्याच्या दिवशी गोडधोड मिळते ते जन्मभर उभे राहण्यासाठी नव्हे. सण आटोपला की त्याला हलक्या कामास लावतात, आणि म्हणूनच तो पुढल्या पोळ्यापर्यंत चालता राहतो. आपल्या घरात एक जण गेली चाळीस वर्षे जू वाहत आहे आणि तिच्या अंगावर अजून एकदाही झूल पडलेली नाही. तिचा पोळा केव्हा? या प्रश्नाचे उत्तर ज्या घरातल्या निवृत्त गृहस्थाने स्वतःच्या हातांनी दिले, त्या घरात दुसऱ्या दिवशी दगड पडणार नाहीत.